रोमच्या दाढेतली खूण

काकूंनी मला नोकरी लावली, काकूंनी मला पुस्तकं वाचायला लावली, आणि एक यंत्र माझ्याविरुद्ध बोलत होतं तेव्हा काकूच माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे त्यात भीतीच जास्त आहे, आणि भीतीचं सांगण्याच्या भरात उपकाराचं राहून जातं.

काकू नात्यातल्या नव्हेत. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आम्ही राहत होतो, तिथं मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा, जेवणं झाली की कागदी ताटल्या कचऱ्यात टाकून गाडीत बसायचं. मोठी पातेली मात्र कोणाच्या तरी घरची असायची, आणि ती कोण घासणार हा प्रश्न शेवटी उरायचा. मी नवीन होते. इंग्रजी येत नव्हतं आणि तिथल्या बायकांच्या मराठीतही निम्मं इंग्रजीच असायचं. पातेल्यांशी बोलावं लागत नाही. मी बाह्या वर केल्या. थोड्या वेळानं मागं एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी, वर काळा स्वेटर, पाठीवर जाड लांब वेणी, निम्मी पांढरी.

“बुडालापण घासतेस?” त्या म्हणाल्या.

“बूड राहिलं तर वास राहतो.”

“शिक्षण?”

हा प्रश्न मला नको असतो. “आठवी. तीपण पुरी नाही.”

“का?”

“आई गेली. धाकटे भाऊ होते.”

त्यांनी अरेरे वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाल्या, “काचेची भांडी घासायचा पगार मिळाला तर घासशील?”

आम्ही अमेरिकेत आलो ते नणंदेनं कैक वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या कागदांवर. आजूबाजूला सगळे पुण्या-मुंबईचे, नागपूरचे कम्प्युटरवाले, आणि आमच्या यांना काम मिळालं ते पेट्रोल पंपावर. न्यू जर्सीत गाडीवाल्यानं स्वतः पेट्रोल भरायचं नाही असा कायदाच आहे, त्या कायद्यावर आमचं घर चाललं होतं. त्यातून जुळे मनोरे पडल्यानंतरच्या त्या काळात पंपावर काळ्यासावळ्या माणसाकडं लोक जरा जास्त वेळ बघायचे. मी दारावरची बेल वाजली तरी दचकायची. पोलीस असतील, कागद बघतील, काहीतरी कमी निघेल. काही कमी नव्हतं. पण भीतीला कागद दाखवून भागत नाही.

तर काकूंच्या शब्दावर मी त्यांच्या लॅबमध्ये लागले. रूट वनच्या बाजूला, लांबून बँकेसारखी दिसणारी इमारत. खालच्या मजल्यावर माझं धुण्याचं काम. वरच्या मजल्यावर काकूंची खोली. तिला सगळे हाडांची खोली म्हणायचे. तिथं माझं काहीच काम नव्हतं. तिथली प्रत्येक वस्तू कारखान्यातून सीलबंद यायची, मी घासलेली एक नळीही वर जात नसे. उलट, खालच्या मजल्यावर ज्याचं पाऊल पडलं त्यानं त्या दिवशी वर जायचंच नाही असा नियम होता. आत जाणारा माणूस घरून अंघोळ करून येणार, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, हातात दोन-दोन हातमोजे. आत कोणी नसलं की खोलीत जांभळा दिवा लागायचा. दाराला हाताएवढी काच होती, तीतून तो जांभळा उजेड बाहेरच्या फरशीवर पडायचा. रिकाम्या खोलीत दिवा कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं.

“जिवंत माणसाचं जे काही आत राहिलं असेल ते मारायला,” काकू म्हणाल्या. “आत फक्त मेलेल्यांनी राहायचं.”

त्या हे अगदी साधेपणानं म्हणाल्या. मला ते पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

ही हाडं इटलीतून यायची. रोमच्या काळातलं एक दफनाचं शेत, रस्त्याकडेचं. तिथं राजे नव्हते, सरदार नव्हते. काकू म्हणायच्या, “पुतळ्यात दिसतात ते रोमन वेगळे. हे हमाल, धोबी, दाया, गुलाम. ह्यांचा पुतळा कोण करतो? ह्यांचे दातच काय ते राहिले.” दाताच्या आत, कवचाखाली, माणसाचा डीएनए टिकून राहतो. काकू त्या दाताला भोक पाडून आतली भुकटी काढायच्या आणि त्यातनं त्या माणसाची आई कुठली, तिची आई कुठली, हे शोधायच्या. बापाकडचं शोधणं तेव्हा फार अवघड होतं, आईकडचं सापडायचं. रोमचं माणूस म्हणजे रोमचंच असं नसायचं म्हणे. काही जणांची आईकडची रेघ तिथलीच निघाली, पण काहींची समुद्राच्या पूर्वेच्या किनाऱ्यावरची, एखाद्याची आफ्रिकेच्या वरच्या अंगाची. सगळी दुनिया तिथं कामाला आलेली किंवा पकडून आणलेली.

“आईकडचं म्हणजे कसं?” मी विचारलं होतं.

“तुझ्यात तुझ्या आईचं आहे. तिच्यात तिच्या आईचं. मुलाला मिळतं, पण तो पुढं देऊ शकत नाही. मुलीच देतात. लग्न झालं, नाव बदललं, आडनाव बदललं, देश बदलला, हे बदलत नाही.”

माझ्याकडं आईचा फोटो नाही. कोणाच्या तरी लग्नात काढलेल्या एका फोटोत ती मागं उभी होती म्हणतात, पण तिथं फक्त पदर दिसतो. त्यामुळं काकूंचं हे बोलणं ऐकून मी घरी जाताना बसमध्ये आपल्या हाताकडं बघत बसले. आपल्यात काहीतरी आईचं आहे आणि ते बदललेलं नाही, एवढं मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर कदाचित मी कशीतरी शाळा पुरी केली असती.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात काकूंचा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. हात पुढं यायचा, वर आणि मागं जायचा नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तिकडं सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला. केस कापा म्हणून डॉक्टरीण म्हणाली तर त्यांनी तिच्याशी तीन दिवस अबोला धरला. मग एका सकाळी, वर कपडे बदलायच्या खोलीत मी धुतलेले टॉवेल ठेवायला गेले, तर काकू आरशासमोर मोकळ्या केसांनी बसलेल्या, डाव्या हातानं रबर बांधायच्या खटपटीत. टॉवेल ठेवले, कंगवा घेतला, तीन पेड काढले. तेव्हापासून रोज सकाळी, खालच्या मजल्यावर पाय ठेवण्याआधी, मी बाहेरच्या जिन्यानं थेट वर जाऊन काकूंची वेणी घालायची. त्या डोळे मिटून बसायच्या. कधी मला आदल्या दिवशी दिलेल्या पुस्तकातलं विचारायच्या. मी जेमतेम उत्तर द्यायची. माझे हात काम करत असले की तोंडही थोडं चालतं.

त्याच हिवाळ्यात ती सापडली.

मला ते कळलं लॅबमधल्या दादरच्या मुलाकडून. मुलगा कसला, चांगला पस्तिशीचा शास्त्रज्ञ, काकूंच्या हाताखाली होता. मी त्याला डॉक्टर म्हणायची, तो मला वहिनी. “मी औषध देत नाही हो,” असं तो दर वेळी म्हणायचा. त्या दिवशी धावतच सिंकपाशी आला.

“वहिनी, तुमच्याकडची एक बाई सापडली यार.”

“माझ्याकडची?”

“म्हणजे आपल्याकडची. भारतातली. तिकडे रोमवाल्यांच्यात पुरलेली. दाढ बोलली.”

“ती तिकडं काय करत होती?”

“खानावळ. दुसरं काय. तुमच्यासारखी पातेलं बुडापासून घासत असणार, म्हणून तर समुद्रापलीकडं नेली.”

मी हसले. पण पाणी बंद करून उभी राहिले. कोणीतरी बाई, आपल्याकडची, एवढ्या लांब, आणि तिथंच मेलेली. तिला तिथली भाषा येत होती का, हाच पहिला प्रश्न माझ्या मनात आला.

काकू मात्र गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी विचारलं तर म्हणाल्या, “जहाजं जायचीच आपल्या किनाऱ्यावरून. मिरी जायची, कापड जायचं. माणूस गेलं असेल तर नवल नाही.”

“मग तुम्ही खूश का नाही?”

“तो नाचतोय ना, पुरे आहे. मला भीती वाटते.”

“कशाची?”

“हवं तेच सापडलं की वाटते ती.”

आत जाणाऱ्या सगळ्यांच्या गालातला नमुना आधीच घेऊन ठेवलेला असतो. कोणाचं स्वतःचंच काही दाढेवर पडलेलं नाही ना, हे बघायला तो दाढेशी ताडून पाहिला होता. काकूंचा तर सगळ्यात आधी, कारण त्या भारतातल्या. जुळला नव्हता. दादरच्या डॉक्टरचाही जुळला नव्हता. म्हणून ती बाई खरी, असं सगळे धरून चालले होते.

ते दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. सकाळी वर टॉवेल ठेवायला गेले की त्या दाराच्या काचेतून जांभळा उजेड यायचा आणि मला वाटायचं, आत कोणीतरी माझी वाट बघतंय. आत पिशव्यांमध्ये बंद केलेले दात होते, दुसरं काही नाही, हे मला माहीत होतं. पण मी पुढं सरकले की उजेडही सरकल्यासारखा वाटायचा. एकदा वेणी घालून निघताना आतून कोणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. हवा ढकलणारा पंखा असतो तिथं, तोच. तरी मी काकूंना विचारलं, “आत कोण आहे?” काकू म्हणाल्या, “कोणी नाही. मी अजून गेलेच नाही ना.”

मग साहेबांनी सांगितलं की हे छापायच्या आधी खात्री म्हणून इमारतीतल्या प्रत्येकाचा नमुना घ्यायचा. साहेब म्हणजे लॅबचे मुख्य, उंच, हळू बोलणारे अमेरिकन. त्यांना सगळे पहिल्या नावानं हाक मारत, मला ते कधी जमलं नाही. प्रत्येकाचा म्हणजे झाडूवाल्याचा, कुरियर घेणाऱ्या मुलीचा, माझाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, झालं. मला त्यात काही वाटलं नाही. मी तर त्या खोलीत कधी गेलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात मला ऑफिसात बोलावलं. साहेब, काकू, दादरचे डॉक्टर, तिघं एका स्क्रीनसमोर. स्क्रीनवर टोकदार डोंगरांची रांग होती, लाल, निळी, हिरवी, काळी. तिच्याखाली तशीच दुसरी रांग.

काकू मराठीत सांगत होत्या. “वरची ती. रोमची.”

“आणि खालची?”

“तू.”

साहेबांनी काहीतरी दाबलं. दोन्ही रांगा एकमेकींवर सरकल्या आणि एकच रांग उरली. एकही डोंगर बाहेर डोकावत नव्हता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. मला वाटलं, म्हणजे ती माझ्या आईची कोणीतरी होती. आईच्या आईच्या आईची, मागं मागं जात कोणीतरी बहीण. मी बहुतेक हसलेसुद्धा असेन. मग मी तिघांच्या तोंडाकडं पाहिलं.

“ते विचारतायत,” काकू म्हणाल्या, “तू कधी आत गेली होतीस का. कुतूहल म्हणून. कोणी रागावणार नाही म्हणतात.”

“नाही गेले.”

“दाताला हात? पिशवीला?”

“मी तो दात पाहिलेलासुद्धा नाही, काकू.”

काकूंनी ते इंग्रजीत सांगितलं, आणि पुढं बरंच काही सांगितलं. नंतर मला म्हणाल्या, “दार कार्डाशिवाय उघडत नाही. तुझ्या कार्डानं ते एकदाही उघडलेलं नाही. हे मी त्यांना सांगितलंय.”

“मग तर जास्तच वाईट,” डॉक्टर मराठीत पुटपुटले. “वहिनी दार न उघडता आत जातात.”

कोणी हसलं नाही. तेही नाही.

त्यानंतर त्यांनी आतल्या सगळ्या गोष्टी तपासायला घेतल्या. प्रत्येक तपासात ते एक नळी अशी ठेवतात की तिच्यात फक्त शुद्ध पाणी असतं, दात नाही, हाड नाही, काही नाही. त्यातून काही निघायलाच नको. पहिल्या वेळी ती स्वच्छ निघाली होती, म्हणून तर ती बाई खरी मानली. आता त्यांनी अशा पाण्याच्या पुष्कळ नळ्या लावल्या. त्यांतल्या काहींमध्ये मी होते. नुसत्या पाण्यात. कुलूपबंद खोलीतल्या, सीलबंद बाटलीतल्या पाण्यात, जिथं मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

आमच्या गावात मेलेली माणसं परत येतात अशा गोष्टी सांगत. कोणी विहिरीवर दिसलं, कोणी उंबऱ्याशी. पण जिवंत माणूस स्वतःला न कळता दुसरीकडं जाऊन येतो, अशी गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. मी आठवू लागले. टॉवेल ठेवताना कधी दार उघडं होतं का? कधी आपण आत डोकावलो का? इतकं आठवलं की नसलेलंही आठवू लागलं. डोळे मिटले की मला ती खोली आतून दिसायची. टेबलं, दिवा, पिशव्या. मी ती काचेतून पाहिली होती तेवढीच, पण मनातल्या चित्रात दाराची काच माझ्या समोर असायची आणि बाहेरून कोणीतरी आत बघत असायचं. ती मीच असायची.

लॅबमध्ये कोणी मला काही बोललं नाही. फक्त मी वापरलेला पेला कोणी उचलायचं नाही. कुरियर घेणारी मुलगी मी दाराशी आले की दोन पावलं मागं सरून हसायची. मी जिथं बसून जेवायची ते टेबल कोणीतरी ब्लीचनं पुसून ठेवायचं, वास यायचा. भुतानं बसून गेल्यासारखं.

घरी यांना सांगितलं.

“हात लावला असशील तर सांगून मोकळी हो,” हे म्हणाले.

“नाही लावला.”

“मग यंत्र खोटं बोलतंय?”

“यंत्र पण खरं बोलतंय.”

यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “नोकरी गेली तर गेली. पण चोरून आत शिरली असं लिहिलं कुठं तर नागरिकत्वाच्या वेळी ते विचारतील.” मी तोच विचार टाळत होते. आणि त्याहून जास्त एक गोष्ट मनात टोचत होती. मला काकूंनी आणलं होतं. शिकली-सवरली नसलेली बाई, भांडी घासताना पाहिली म्हणून उचलून आणली. आता सगळे म्हणणार, काकूंनी आणली ती हीच. माझी नोकरी जाईल, पण काकूंचा शब्दही माझ्याबरोबर जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंग होती, त्यात माझं काय करायचं ते ठरणार होतं. सकाळी मी वर गेले. काकू आरशासमोर बसल्या होत्या, नेहमीसारख्या, काळा स्वेटर घालून. मला वाटलं आज नको म्हणतील. नको म्हणाल्या नाहीत. मी तीन पेड काढले. बाहेर बर्फ होता, खोलीत दिवा होता, आरशात आम्ही दोघी. अर्धी वेणी झाली तेव्हा काकूंनी डोळे उघडले आणि आरशात आपल्या खांद्याकडं पाहिलं.

“हे काय पांढरं? कोंडा?”

“तुमच्या डोक्यात कुठला कोंडा. माझ्या हाताची सालं आहेत ती. साबणानं निघतात, थंडीत जास्तच. थांबा, झटकते.”

“झटकू नकोस.”

त्या इतक्या हळू म्हणाल्या की माझा हात तसाच हवेत राहिला. त्या आरशातच बघत होत्या. माझ्याकडं नाही, माझ्या हातांकडं. तळव्यांवरून कातडी कागदासारखी सुटली होती. बोटांच्या पेरांवर भेगा. त्या हातांत त्यांचे केस होते.

“रोज निघतात ही?”

“थंडी सुरू झाल्यापासून.”

“आणि इथून उठून मी डोक्यावर टोपी ओढते,” काकू म्हणाल्या. “केस आत कोंबते. मग त्याच हातांनी वरचे दुसरे हातमोजे घालते.” खांद्यावरचं एक साल त्यांनी चिमटीत धरलं. मग म्हणाल्या, “कळलं तू आत कशी आलीस? माझ्या डोक्यावर बसून आलीस, बये.”

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. म्हणजे मी खरंच जात होते. रोज सकाळी, काकूंच्या पाठीवर, त्या जांभळ्या दिव्याच्या खोलीत. मी खाली सिंकपाशी उभी असताना वर माझी कातडी त्या मेलेल्या बाईच्या दाढेवर पडत होती. रिकाम्या खोलीत जे काही आहे असं मला वाटत होतं, ते मीच होते.

“सांगू नका,” मी म्हणाले. “मी नोकरी सोडते. तुमच्यावर कशाला.”

“आणि तू चोरून आत शिरलीस हे तसंच राहू दे?”

“मी आठवीतनं सुटलेली बाई. माझ्याबद्दल कोण काय लक्षात ठेवणार.”

“मी ठेवीन,” काकू म्हणाल्या. “वेणी पुरी कर. अर्ध्या वेणीनं मीटिंगला जाऊ का?”

मी पुरी केली. शेवट जरा सैल राहिला.

काकू त्या सकाळी आत गेल्या नाहीत. त्यांनी आपली जुनी टोपी, आत घालायची, पिशवीत बंद करून तपासाला दिली, आणि निकालाची वाट न बघता मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर होते, मधे काच होती. ऐकू काही येत नव्हतं. काकू उठून उभ्या राहिल्या, पाठ वळवली, आणि आपली वेणी डाव्या हातानं धरून त्या सगळ्यांना दाखवली. कोर्टात वस्तू दाखवतात तशी. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर खाली बघत होते.

आत जाण्याआधी केस घरीच बांधायचे, त्यानंतर दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही, हा नियम होता. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं की लॅबचे ते सगळे नियम काकूंनीच लिहिले होते. “वहिनी, त्यांनी स्वतःचाच नियम वाचून दाखवला आम्हाला. पान उघडून.”

टोपीत मी निघाले. माझ्यावरचा संशय त्याच दिवशी मिटला होता. साहेब स्वतः सिंकपाशी आले आणि काहीतरी लांबलचक बोलले, त्यात सॉरी दोनदा होतं. मी म्हणाले, “नो प्रॉब्लेम.” मला तेवढंच यायचं.

काकूंना मात्र हाडांची खोली बंद झाली. खांदा बरा झाला तरी बंदच राहिली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्या हिवाळ्यात काकूंनी काढलेलं सगळं काम बाजूला ठेवावं लागलं, आणि बाहेरच्या कोणी विचारलं तर त्यांना उत्तर द्यायचं होतं. काकू खाली ऑफिसात बसून इतरांची कामं तपासू लागल्या. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा मीच विषय काढला तर म्हणाल्या, “हात कसे आहेत? क्रीम लावतेस ना?”

त्या बाईच्या जबड्यात आणखी एक दाढ होती. ती त्यांनी दुसऱ्या देशातल्या लॅबला पाठवली, जिथं आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. तिची आईकडची रेघ समुद्राच्या पूर्वेकडची, आजच्या सीरिया-लेबनॉनच्या बाजूला जशी सापडते तशी. माझ्यासारखं त्यात काही नव्हतं. काकूंनी मला हे डब्याच्या वेळी सांगितलं.

“म्हणजे ती माझी कोणी नाही,” मी म्हणाले.

“नाही.”

“पण तीही लांबचीच.”

“तिची आई किंवा आजी, कोणीतरी. हो. लांबचीच.”

मला वाईट वाटलं, ते अजून वाटतं. काही आठवडे माझ्या आईची एक बहीण दोन हजार वर्षांपूर्वी त्या शेतात निजली होती, आणि मग ती उठून निघून गेली. तिच्या जागी एक अनोळखी बाई. तिच्याशी माझा एवढाच संबंध की मी तिच्या तोंडून बोलले, तिला न विचारता. कधीकधी मला वाटतं, ती कुठं असेल तर माझ्याकडं बघत असेल, आणि विचारत असेल, तू कोण?

काकू त्या वर्षी उन्हाळ्यात इटलीला जाणार होत्या. पुढच्या हाडांची पेटी आणायला. इतकी वर्षं त्या मातीतली माणसं हातात धरली, पण ती माती त्यांनी पाहिली नव्हती. तिकिटं निघाली होती. हिवाळ्यात ते सगळं झाल्यावर त्यांच्या जागी दादरचे डॉक्टर गेले. परत आल्यावर त्यांनी फोटो दाखवले. पिवळं गवत, एक ट्रॅक्टर, दूरवर रस्ता. काकूंनी सगळे फोटो बघितले, छान आहेत म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. मी शेजारीच होते.

आता दोन हजार आठ. काकू रिटायर झाल्या आणि गेल्या महिन्यात बॉथेलला मुलाकडे राहायला गेल्या. विमानतळावर सोडायला मी गेले होते. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे. नागरिकत्वाची मुलाखत झाली, चोरीचं कोणी काही विचारलं नाही. निळा पासपोर्ट येईल.

काकू हे वाचतील तेव्हा फोन करून म्हणतील, कशाला लिहिलंस. पण मी इथं लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एक दिवस मी त्यांना त्या शेतावर घेऊन जाईन. वयानं त्यांना चालवलं नाही तर खुर्चीतून नेईन, भाषा येत नसली तरी विचारत विचारत नेईन. जिथं ट्रॅक्टर उभा होता तिथं त्यांना खाली बसवीन, आणि त्यांना हवी तेवढी माती हातात घेऊ देईन. हातमोजे न घालता.